मौताम: ईशान्येला निघालेल्या विद्यार्थिनीला पत्र

पोरी, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोन वर्षं ईशान्येत राहून, जिथे सरकार आणि सशस्त्र गट अजून समोरासमोर उभे आहेत अशा भागात लोकांच्या बैठका घडवून आणण्याच्या कामात हात देणार आहेस, हे वाचून फार समाधान वाटलं. निघण्याआधी मामांनी तुला विचारलं, "ज्यांनी देशाविरुद्ध बंदूक उचलली त्यांच्याशी बोलायचं कशाला?" आणि तुला उत्तर सुचलं नाही. ते तू माझ्याकडे मागितलं आहेस.

मामांचा प्रश्न खरा आहे, त्याचा राग मानू नकोस. या देशात हजारो घरांत तो विचारला जातो आणि विचारणारे वाईट नसतात. पण त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून मिझोरमची गोष्ट सांगतो.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी वर्गात ईशान्य भारत शिकवत होतो. माझ्या टिपणवहीत मिझोरमला अर्धं पान होतं: १९६६ चा उठाव, लष्करी कारवाई, १९८६ चा करार. तास संपल्यावर एक मिझो मुलगा मागे थांबला. बराच वेळ दप्तर आवरत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "सर, तुम्ही मौतामचं नावच घेतलं नाहीत." मला तो शब्दच ठाऊक नव्हता. इतकी वर्षं मी ती गोष्ट मधूनच सुरू करत होतो.

मौ म्हणजे बांबू, आणि ताम म्हणजे त्याचं मरण. मिझो डोंगरांतला बांबू साधारण अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदाच फुलतो आणि मरतो. त्याच्या फळांवर उंदीर पोसतात, बेसुमार वाढतात, आणि फळं संपली की डोंगरउतारावरच्या भातावर तुटून पडतात. उभं पीक बघता बघता जातं. म्हाताऱ्या माणसांना १९११ चा मौताम आठवत होता, म्हणून १९५८ मध्येच तिथल्या जिल्हा परिषदेने आसाम सरकारला सावध केलं आणि मदत मागितली. मिझो टेकड्या तेव्हा आसामचा एक जिल्हा होत्या. बांबू फुलल्याने दुष्काळ येतो ही आदिवासींची भाबडी समजूत आहे असं म्हणून सरकारने ते कानाआड केलं. १९५९ मध्ये दुष्काळ आलाच. धान्य पोचायला रस्ते नव्हते. माणसं रानातली कंदमुळं उकरून जगली.

त्या उपाशी लोकांत धान्य वाटायला एक संघटना उभी राहिली, मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट. तिचा पुढारी लालडेंगा. पूर्वी लष्करात हवालदार होता, नंतर जिल्हा परिषदेत कारकुनी केली. १९६० मध्ये आसामने असमिया ही राज्याची राजभाषा केली. संयुक्त महाराष्ट्राची आठवण घरात जपणाऱ्या आपल्या लोकांना त्याचा अर्थ समजावून सांगायला नको. ऑक्टोबर १९६१ मध्ये त्या संघटनेच्या नावातून 'फॅमिन' हा शब्द गळाला आणि मिझो नॅशनल फ्रंट हा पक्ष झाला, स्वतंत्र देश मागणारा. मामांना सांग, बंदूक पाच वर्षांनी आली. त्याआधी पोतं आलं होतं, तांदळाचं.

पुढचं मी तुला सौम्य करून सांगणार नाही, कुणाच्याच बाजूचं. २८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री फ्रंटच्या माणसांनी एकाच वेळी सरकारी ठाण्यांवर हल्ले केले, आणि १ मार्चला स्वातंत्र्य जाहीर केलं. ५ मार्चला आपल्या हवाई दलाच्या विमानांनी ऐझॉलवर बॉम्ब टाकले. आपल्याच शहरावर, जिथे बाजार होता, चर्च होतं, शाळा होत्या. विमानं माणसं आणि रसद टाकायला गेली होती, असं तेव्हा सांगण्यात आलं. आजही तिथे तो दिवस 'झोराम नी' म्हणून पाळतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत हा विषय निघाला तेव्हा आपल्याकडे अनेकांनी तो पहिल्यांदाच ऐकला. तिथल्या घरांत तो सत्तावन्न वर्षं रोज होता.

आणि मला विचारशील तर बॉम्बहून खोल घाव पुढच्या वर्षीचा आहे. १९६७ पासून गावं उठवायला सुरुवात झाली. बंडखोरांना भाकरी आणि बातमी मिळू नये म्हणून पाचशेहून अधिक गावांतली माणसं रस्त्याकडेच्या वसाहतींत आणून कोंबली. भोवती कुंपण, हातात ओळखपत्र, शेतावर जायला परवाना, संध्याकाळ पडली की दार बंद. मागे राहिलेलं गाव जाळून टाकायचं, म्हणजे परतायला काही उरू नये. मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात, इंग्रजांनी वापरलेली ही रीत. डोंगरावरची शेती घरापासून तुटली, पोट सरकारी शिध्यावर आलं. बंडखोरांनीही आपल्याच लोकांना खबरे ठरवून मारलं. १९७५ च्या जानेवारीत ऐझॉलमध्ये पोलिसांचे तीन वरिष्ठ अधिकारी त्यांच्या कार्यालयातच गोळ्या घालून ठार केले. मिझो भाषेत या वीस वर्षांना 'रामबुआई' म्हणतात, अशांत भूमी. तू ज्या कुणा आजीसमोर बसशील तिच्या बोलण्यात सरकार आणि बंडखोर असे दोन स्वच्छ रकाने नसतील. दोन्हीकडचे लोक रात्री दार वाजवून गेलेले असतील.

अशा वेळी कोण बोललं, हे नीट लक्षात ठेव. पहिली चर्चची माणसं. प्रेस्बिटेरियन आणि बॅप्टिस्ट पाळक साठीच्या दशकातच जंगलात जाऊन लालडेंगांच्या माणसांना भेटत होते, आणि दोन्हीकडचा संशय सोसत होते. दुसरे ब्रिगेडियर टी. सैलो. ज्या लष्कराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या त्याच लष्करातून ते निवृत्त झाले होते. १९७४ मध्ये त्यांनी मानवी हक्क समिती काढली, गावोगावच्या अत्याचाराच्या घटना लिहून काढल्या आणि दिल्लीपुढे ठेवल्या. पुढे पक्ष काढून ते तेव्हाच्या केंद्रशासित मिझोरमचे मुख्यमंत्री झाले. स्वतंत्र देशाची मागणी त्यांना मान्य नव्हती, म्हणून फ्रंटचा त्यांच्यावर राग; आणि लष्कराबद्दल बोलतात म्हणून इतर अनेकांचा. मला हा माणूस फार मोठा वाटतो. देश एक राहावा असं ज्याला मनापासून वाटतं त्यानेच छळाची नोंद ठेवली पाहिजे, हे त्यांनी करून दाखवलं. मानवी हक्क म्हणजे शांतता आल्यावर वाटायचा खाऊ असं तुला कुणी सांगेल. सैलोंची समिती करारापूर्वी बारा वर्षं आली. त्या नोंदींमुळेच लोकांना वाटू लागलं की आपलं दुःख सांगायला बंदुकीवाचूनही वाट आहे.

बोलणी एकदम पिकली नाहीत. सत्तरीच्या दशकात सुरू झाली, मोडली, पुन्हा सुरू झाली, लालडेंगा पकडले गेले, सुटले, लंडनला गेले. ३१ ऑक्टोबर १९८४ ला त्यांची इंदिरा गांधींशी भेट ठरली होती. त्या सकाळीच इंदिराजींची हत्या झाली. वाटाघाटी तिथेच संपू शकल्या असत्या. संपल्या नाहीत. ३० जून १९८६ ला दिल्लीत करार झाला. सरकारतर्फे सही करणारे गृहसचिव आपले राम प्रधान, महाराष्ट्राचे माजी मुख्य सचिव; २६/११ नंतरच्या चौकशी समितीमुळे हे नाव तुला ठाऊक असेल. तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता.

करारात राज्याचा दर्जा होता, आणि फ्रंटने स्वतंत्र देशाची मागणी सोडून शस्त्रं खाली ठेवायची होती. पण मला त्यातला एक वेगळाच भाग तुला दाखवायचा आहे. शेजारच्या राज्यांतले मिझो भाग एकत्र करा, ही फ्रंटची मोठी मागणी दिल्लीला मान्य नव्हती. तरी ती वगळली नाही. फ्रंटने हा विषय मांडला आणि सरकार त्याबद्दल कसलंही वचन देऊ शकत नाही, असं करारातच नोंदवलं. 'नाही' म्हणतानाही समोरच्याचं म्हणणं कागदावर राहू दिलं. लालडेंगांना परत जाऊन आपल्या माणसांना दाखवता आलं की आम्ही विसरलो नव्हतो. कुठल्याही बैठकीचं इतिवृत्त तुझ्याकडे आलं तर नाकारलेली मागणी गाळू नकोस.

दुसरी गोष्ट, शब्द पाळला गेला. काँग्रेसचे मुख्यमंत्री लाल थनहवला यांनी ऑगस्टमध्ये खुर्ची सोडली, लालडेंगांना मुख्यमंत्री होऊ दिलं आणि स्वतः त्यांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री झाले. निवडून आलेल्या माणसाने असं करणं सोपं नाही, आपण रोज बघतोच. २० फेब्रुवारी १९८७ ला मिझोरम देशाचं तेविसावं राज्य झालं, कराराला आठ महिनेही झाले नव्हते. राज्यघटनेत ३७१ जी हे कलम आलं: मिझोंच्या धार्मिक-सामाजिक रीती, त्यांचा रूढ कायदा, जमिनीची मालकी आणि हस्तांतर यांबाबत संसदेचा कायदा त्यांच्या विधानसभेने ठराव केल्याशिवाय तिथे लागू होत नाही. मामा म्हणतील, एकाच राज्याला वेगळी वागणूक का? त्यांना सांग की ३७१ मध्ये आपला महाराष्ट्रही आहे. विदर्भ आणि मराठवाड्याची वैधानिक विकास मंडळं त्याच कलमातून आली. घटनेने वेगळेपण मान्य केलं म्हणून देश तुटत नाही.

याच्या शेजारी पंजाब ठेवून बघ. पंतप्रधान तेच, गृहसचिव तेच. जुलै १९८५ मध्ये राजीव गांधी आणि अकाली दलाचे संत लोंगोवाल यांचा करार झाला. महिन्याभरात लोंगोवाल यांची हत्या झाली, आणि २६ जानेवारी १९८६ ला पंजाबला मिळायचं ठरलेलं चंदीगड मिळालं नाही. तो करार कागदावरच सुकला. नागा प्रदेशात १९९७ पासून शस्त्रसंधी आहे, २०१५ मध्ये प्राथमिक करारही झाला, पण अंतिम करार अजून व्हायचा आहे. तिथे बोलणाऱ्यांची एक पिढी म्हातारी झाली. तेव्हा सहीच्या दिवशीचे फोटो बघून हुरळून जाऊ नकोस. पुढचे आठ महिने बघ.

मिझोरमची खरी परीक्षा तर १९८८ मध्ये झाली. पक्षांतरं झाली, लालडेंगांचं सरकार पडलं, राष्ट्रपती राजवट आली, आणि पुढच्या निवडणुकीत ते हरले. वीस वर्षं जंगलात आणि परदेशात काढलेला माणूस. तरी फ्रंटने पुन्हा बंदूक उचलली नाही. १९९० मध्ये ते वारले. त्यांचे एकेकाळचे सचिव झोरामथांगा पुढे मतपेटीतूनच मुख्यमंत्री झाले.

पण मी तुला ही गोष्ट इथे गोड करून थांबवली तर पुन्हा अर्ध्या पानाचा गुन्हा करीन. १९९७ मध्ये मिझोरमच्या पश्चिम भागातल्या ब्रू लोकांनी स्वतःसाठी स्वायत्त जिल्हा परिषद मागितली. आमचा कारभार आम्हाला करू द्या, हे मिझोंनी आसामपुढे म्हटलं होतं, जवळजवळ तेच. त्यावरून तेढ वाढली, हिंसा झाली आणि तीस हजारांहून अधिक ब्रू त्रिपुरात पळाले. छावण्यांत वीस वर्षांहून अधिक काळ राहिले, तिथे पोरं जन्मली आणि मोठी झाली. जानेवारी २०२० च्या करारात त्यांना त्रिपुरातच वसवायचं ठरलं. घरी परतणं बहुतेकांच्या नशिबी आलंच नाही. स्वायत्तता मिळवणाऱ्या प्रत्येक समाजाच्या आत आणखी एक लहान समाज असतो, आणि त्याला बैठकीत खुर्ची नसते. पहिल्याच आठवड्यात त्याचा शोध घे. कोण बोलावलेलं नाही, हे यजमानांना आडून विचारू नकोस, सरळ विचार. राग येईल. येऊ दे.

आता थोडं कामाचं. गेल्या गेल्या 'तुमची मागणी काय' असं विचारू नकोस. मागण्या छापलेल्या असतात, त्या तुला कुणीही देईल. 'हे कधीपासून?' एवढंच विचार आणि गप्प बस. उत्तर कुठल्या वर्षापाशी जातं ते वहीत लिहून ठेव. सरकारी अधिकाऱ्यालाही तोच प्रश्न विचार, तोही माणूस आहे, त्याचाही कुणीतरी सहकारी गेलेला असतो. दोघांची वर्षं बहुधा जुळत नाहीत, आणि बोलणी अडतात ती तिथेच. कुणी छळाची हकीगत सांगितली तर तारीख, जागा आणि सांगणाऱ्याची परवानगी यांशिवाय ती पुढे नेऊ नकोस. नाव उघड झालं तर रात्री दार त्याचं वाजेल, तुझं नाही.

आणि भाषा शीक. दुभाष्या चांगला असला तरी तो तुझ्या सोयीचं भाषांतर करील.

तो मुलगा आता ऐझॉलमध्ये शिकवतो. ३० जूनला तिथे 'रेमना नी' असतो, शांततेचा दिवस, आणि त्या दिवशी तो मला न चुकता फोन करतो. तू येतेयस हे मी त्याला कळवलं आहे. कामाच्या जागी जाण्याआधी दोन दिवस त्याच्या घरी राहा. त्याच्या आईचं गाव जळलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिने बोलायचं ठरवलं तर ऐक, नाही बोलली तर तांदूळ निवडायला बस तिच्यासोबत.

तुझे,
सर