नेताजींना घेऊन गेलेली यू-१८० आणि तिचे पुढे काय झाले

नेताजी सुभाषचंद्र बोस यांना जर्मनीहून घेऊन निघालेली पाणबुडी कोणती होती आणि पुढे तिचे काय झाले, असे आपण विचारले आहे. ती पाणबुडी म्हणजे यू-१८०. नेताजींना जपानी पाणबुडीच्या स्वाधीन केल्यानंतर अवघ्या सोळा महिन्यांत, ऑगस्ट १९४४ मध्ये, ती बिस्केच्या उपसागरात ५६ जणांसह नाहीशी झाली. आपल्याकडे तिचा उल्लेख होतो तो त्या एका प्रवासापुरताच, आणि त्यामुळे या पाणबुडीची खरी हकिकत मागे पडते, असे मला मनापासून वाटते.

मी बरीच वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काम केले आहे, म्हणून तिच्या इंजिनांपासून सुरुवात करतो. कारण तिचे पुढचे आयुष्य बव्हंशी त्या इंजिनांनीच ठरवले. ब्रेमेनच्या ए. जी. वेझर गोदीत बांधलेली ही पाणबुडी मे १९४२ मध्ये नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे ८७ मीटर, म्हणजे त्या काळच्या जर्मन पाणबुड्यांमध्ये बरीच मोठी. तिचा प्रकार होता ९-डी-१. लांब पल्ल्याच्या पाणबुडीला पृष्ठभागावर भरपूर वेगही असावा, या हेतूने तिच्यात वेगवान टॉर्पेडो-बोटींसाठी तयार केलेली, प्रत्येकी वीस सिलिंडरांची डाइम्लर-बेंझ डिझेल इंजिने बसवण्यात आली, आणि तीही एकदोन नव्हे, सहा. वेग मिळाला, ती पृष्ठभागावर जवळजवळ २१ नॉटपर्यंत जाऊ शकत असे. पण इंजिने वरचेवर बिघडत, आत असह्य उष्णता होई आणि धूर फार सुटे. पाणबुडीने पृष्ठभागावर चालताना धूर सोडणे म्हणजे आपला ठावठिकाणा शत्रूला स्वतःहून कळवणे. या प्रकारच्या दोनच पाणबुड्या बांधल्या गेल्या, यू-१८० आणि यू-१९५, यातच सारे आले.

अशा पाणबुडीतून नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन फेब्रुवारी १९४३ मध्ये कील बंदरातून निघाले. कप्तान होते वेर्नर मुझेनबेर्ग. नॉर्वेच्या बाजूने उत्तरेला वळसा घालून, अटलांटिक उतरून, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला फेरी मारून हिंदी महासागरात यायला सुमारे अकरा आठवडे लागले. चित्रांतून दिसणारा तो रोमहर्षक प्रवास प्रत्यक्षात डिझेलच्या वासाने कोंदलेल्या, उकाड्याच्या, पाय पसरायलाही जागा नसलेल्या बोळात गेला. बंद इंजिनरूममध्ये एक पाळी काढली तरी तो वास कपड्यांतून दिवसभर जात नाही, हे मी अनुभवाने सांगतो. त्यांनी तर ते दोन-अडीच महिने सोसले. त्याही जागेत नेताजी काम करत राहिले आणि हसन त्यांचा मजकूर उतरवून घेत राहिले.

ही पाणबुडी केवळ प्रवासी पोहोचवायला निघाली नव्हती, हेही ध्यानात घ्यावे लागते. १८ एप्रिल १९४३ रोजी, नेताजी तिच्यावर असतानाच, तिने दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दूर कॉर्बिस नावाचे ८,१३२ टनांचे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवले, आणि त्यावरचे बहुतेक खलाशी प्राणाला मुकले. नेताजींच्या चरित्राविषयी बोलताना हा प्रसंग बहुधा वगळला जातो. मला तो वगळणे योग्य वाटत नाही, कारण ज्या युद्धातून त्यांनी वाट काढली, ते युद्ध त्यांच्या अवतीभवती प्रत्यक्ष चालू होते.

मादागास्कर बेटाच्या पलीकडे, भर समुद्रात, एप्रिलच्या अखेरीस जपानी पाणबुडी आय-२९ शी तिची गाठ पडली. समुद्र इतका खवळलेला होता की गाठ पडूनही लगेच काही करता येईना. दोन अवजड पाणबुड्या उधाणात एकमेकींना टेकवणे म्हणजे दोन्ही फोडून घेणे. शेवटी २८ एप्रिलला दोहोंच्या मध्ये दोर बांधून, रबरी तराफ्यावरून नेताजी आणि हसन पलीकडे गेले आणि चिंब भिजून आय-२९ वर चढले. उलट दिशेने सुमारे दोन टन सोने, टॉर्पेडोचे नमुने आणि दोन जपानी नौदल अधिकारी यू-१८० वर आले. त्या दोघांपैकी हिदेओ तोमोनागा यांनी मे १९४५ मध्ये, मायदेशी परतताना, ते ज्या यू-२३४ या जर्मन पाणबुडीवर होते तिने शरणागती पत्करायचे ठरवल्यावर आत्महत्या केली.

परतीच्या वाटेवर ३ जूनला यू-१८० ने दक्षिण अटलांटिकमध्ये बोरिस हे ग्रीक जहाज बुडवले आणि जुलैच्या आरंभी ती फ्रान्समधील बोर्दो बंदरात पोहोचली. लढाऊ पाणबुडी म्हणून तिची कारकीर्द तेवढीच: एक मोहीम, दोन जहाजे, १३,२९८ टन.

त्यानंतर तिची ती सहा इंजिने काढून टाकण्यात आली, नवी साधी इंजिने बसली, टॉर्पेडो-नळ्या उतरवल्या गेल्या आणि ती मालवाहू पाणबुडी झाली. माझ्या मते हा निर्णय शहाणपणाचा होता, पण तो बांधणीच्या वेळीच सुचायला हवा होता. एप्रिल १९४४ मध्ये रोल्फ रीझेन यांच्याकडे तिची सूत्रे आली. तोवर फ्रान्सचा किनारा जर्मनांच्या हातून निसटत चालला होता, आणि २० ऑगस्टला ती बोर्दो सोडून अतिपूर्वेकडे निघाली. थोड्याच दिवसांत तिच्याशी संपर्क तुटला. पाण्यातल्या सुरुंगावर आदळून ती बुडाली, असे बराच काळ धरले जाई. पाण्याखालून डिझेल इंजिने चालवण्यासाठी हवा ओढणारी स्नॉर्केल नळी बिघडली असावी, अशीही शक्यता सांगितली जाते. त्यामुळे आता तिची नोंद कारण निश्चित नसलेली, बेपत्ता अशी केली जाते. तिच्यासारखीच इंजिने बदलून घेतलेली जोडीदार यू-१९५ मात्र त्याच सुमारास निघून डिसेंबरमध्ये बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, सुखरूप पोहोचली.

आय-२९ तिच्या महिनाभर आधीच गेली होती: २६ जुलै १९४४ रोजी फिलिपाइन्सच्या उत्तरेला अमेरिकेच्या सॉफिश पाणबुडीने तिला बुडवले. नेताजी जपानी नौसैनिकांबरोबर पहिल्या रांगेत, डावीकडून दुसरे बसलेले जे प्रसिद्ध छायाचित्र आहे, ते याच आय-२९ चे, २८ एप्रिलच्या त्या बदलानंतरचे आहे. ते जर्मन पाणबुडीवरचे म्हणून छापलेले मी अनेकदा पाहिले आहे. आपण ते कुठे वापरणार असाल तर ओळ लिहिताना एवढी काळजी घ्यावी.