झुलाखुर्चीसाठी स्टँड विकत घ्यावा की वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावा?

आधी तुमच्या घरमालकाचे आभार माना. नांदेडात भाड्याचा फ्लॅट, चार बाय नऊची गॅलरी, दोरीची झुलाखुर्ची आणून ठेवलेली आणि मालक स्लॅबला ड्रिल लावू देत नाही. म्हणून स्टँड ऑनलाइन मागवावा की करून घ्यावा, आणि एकट्याला जोडता येतो का, असं तुम्ही विचारलंय. मालक हो म्हणाला असता तर हे विचारायची वेळच आली नसती. कुणीतरी ड्रिल घेऊन आला असता आणि दहा मिनिटांत हूक मारून गेला असता. माझ्या मेहुण्यासारखा कुणीतरी.

मी आधी ऑनलाइन घेतला, मग करून घेतला. दोन्ही वेळा चुकलो. तिसऱ्या खेपेला जमलं ते सांगतो, पण स्टँडच्या भानगडीत पडलो कशाला ते आधी सांगावं लागेल.

आम्ही मूळचे औसा तालुक्यातले, किल्लारीच्या बाजूचे. गावातल्या घराच्या ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, बंगई होती. पुण्याकडचे लोक झोपाळा म्हणतात, तीच. सागाची फळी, लोखंडी कड्या, दुपारी आजीची आणि रात्री जो आधी पोहोचेल त्याची. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. मी शिकायला लातूरला होतो, आप्पा, म्हणजे माझे वडील, गणपतीच्या मांडवातच झोपले होते म्हणून वाचले. आमच्या भिंती दोन-अडीच फूट रुंद, दगड आणि मातीच्या, वर माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छपराचा, भार. त्या सगळ्या बसल्या. बंगईची तुळई मात्र भिंतीवर नव्हती, खणाच्या लाकडी खांबांवर होती. मी गावात पोहोचलो तेव्हा ढिगाऱ्यात चार खांब उभे होते आणि मधे बंगई लोंबत होती. आजी आतल्या खोलीत होती. ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून आप्पांना छताला काही टांगलेलं चालत नाही. पंखा नाइलाज म्हणून आहे. मे महिन्यात लातूरचा पारा ४२ च्या वर जातो, तरी त्यांची खाट पंख्याच्या बरोबर खाली नसते, हातभर बाजूला असते. माझ्या मुलीने पुण्याहून दोरीची झुलाखुर्ची पाठवली, वरून फोन केला, "आजोबांना बंगईची आठवण येते ना, ही त्यांच्यासाठी." मेहुणा त्या दिवशी आलेला होता. तो घरं बांधायची कामं घेतो, त्यामुळे स्लॅब म्हटलं की त्याचा हात शिवशिवतो. म्हणाला, "दाजी, एक फास्टनर मारतो, हत्ती टांगा." फास्टनर म्हणजे स्लॅबला भोक पाडून आत घट्ट बसवायचा बोल्ट. आप्पा काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी खाट उचलून बाहेर गॅलरीत नेली. मी मेहुण्याला म्हटलं, राहू दे, मी उभा स्टँड आणतो. तो हसला. तेव्हापासूनचं हे भांडण आहे.

आता पहिली चूक. ऑनलाइन मिळतो तो इंग्रजी सी अक्षरासारखा वाकलेला स्टँड मागवला, वेताच्या अंडाकृती खुर्चीबरोबर असतो तसला. खोक्यावर १५० किलो छापलेलं. त्या आकड्यावर जाऊ नका. स्टँड किती किलोचा हे विचारायच्या आधी दोन गोष्टी बघा: हूक खांबापासून किती पुढे येतो, आणि पाइपची जाडी किती. माझ्या स्टँडचा हूक ६५ सेंटिमीटर पुढे होता. ८० किलोचा माणूस तिथे लोंबला की सगळा ताण खालच्या वाकाजवळच्या जोडावर येतो. पाइप दोन इंची, पण १८ गेजचा, म्हणजे १.२ मिलिमीटर. मी नंतर कागदावर हिशेब केला. एवढ्या पातळ पाइपाला ८० किलोचा माणूस नुसता शांत बसला तरी तो कायमचा वाकायच्या हद्दीवर येतो. आणि कुणी शांत बसत नाही. धपकन अंग टाकलं की क्षणभर भार दुप्पट होतो. १४ गेज म्हणजे २ मिलिमीटर, त्याहून पातळ पाइप घेऊच नका. विकणारा जाडी सांगत नसेल तर तो पातळ आहे असं समजा.

त्यात मी जोडताना गाढवपणा केला. एकटाच बसलो, आणि एकेक जोड जसजसा लागेल तसतसा पान्याने गच्च आवळत गेलो. शेवटच्या जोडाची भोकं समोरासमोर येईनात, तीन-चार मिलिमीटरचा फरक. हातोडीने बोल्ट ठोकून घुसवला. असं कधी करायचं नसतं हे मला माहीत होतं, तरी केलं. सगळे बोल्ट आधी हाताने अर्धवट फिरवायचे, फ्रेम उभी करायची, सपाट जागी हलवून बसू द्यायची आणि मग आवळायचं. खाली वायसर, वर चेकनट किंवा आत नायलॉन असलेला नट. खोक्यातल्या साध्या नटांवर भरवसा ठेवू नका, झोक्याच्या हिसक्यांनी ते महिन्याभरात ढिले होतात.

पंचमीला सगळं उघडं पडलं. आमच्याकडे पंचमी म्हणजे झोक्यांचाच सण. लहानपणी गावात लिंबाच्या फांद्यांना दोर बांधलेले असायचे, पोरी उभ्याने झोके घ्यायच्या. बहीण माहेरी आलेली, तिचा नऊ वर्षांचा पोरगा खुर्चीत उभा राहिला आणि आडवा झोका घेतला. सी आकाराचा स्टँड आडव्या झोक्यासाठी नसतोच, त्याच्या तळाचं कडं जेमतेम तीन फुटांचं. कडं एका बाजूने उचललं आणि सगळं धाडकन आडवं झालं. पोराचं कोपर खरचटलं तेवढ्यावर निभावलं. खालच्या जोडाचं भोक फाकून लांबट झालं होतं. आणि नेमका त्याच सकाळी मेहुणा मुराळी म्हणून माझ्या बायकोला माहेरी न्यायला आलेला, हातात चहाचा कप. "म्हणलं होतं ना दाजी." एवढंच बोलला. पण पंचमीपासून दिवाळीपर्यंत जिथे भेटेल तिथे, बारशात, तेराव्यात, हीच गोष्ट सांगत फिरला. शेवटी सांगताना पोरगं दोन फूट उंच उडत होतं.

मग मी वेल्डिंगवाल्याकडे गेलो. जुन्या बागेतल्या झोक्यासारखा दोन्ही बाजूंना पाय फाकलेला, वर आडवा पाइप. उंची सात फूट, पायांमधलं अंतर पाच फूट, वरचा पाइप पाच फूट. सगळा दोन इंची, १४ गेज. पंचेचाळीस फूट पाइप लागला, वजन तीस-बत्तीस किलो. सी स्टँडच्या आणि याच्या खर्चात चार-पाचशेचाच फरक पडला. तेच वजन आडव्या पाइपाच्या मधोमध टांगलं की पाइपावरचा ताण सी च्या जवळपास निम्म्यावर येतो. हूक चारी पायांच्या आत असल्यामुळे फ्रेम उलटायचं कारण राहत नाही, झोका पाय फाकले आहेत त्या दिशेने घेतला तर. त्या दिशेच्या प्रत्येक जोडीला खालून एक आडवी पट्टी हवी, नाहीतर गुळगुळीत फरशीवर पाय फाकत जातात. समोरून पट्टी लावू देऊ नका, पाय अडकून माणूस पडतो. वरच्या कोपऱ्यांत फूटभराचे तिरपे टेकू सांगा. ते न लावायचं कारण वेल्डिंगवाला देईलच, तरी लावून घ्या.

दुसरी चूक इथे झाली. मी त्याला सगळं वेल्ड करायला सांगितलं, म्हटलं बोल्टची कटकटच नको. फ्रेम टेम्पोतून आली आणि जिन्यातून वर जाईना. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. दोन दिवस ती गेटजवळ उभी होती. येणारा-जाणारा विचारायचा, मंडप घालताय का, कुणाचं काय आहे. मेहुण्याला कुणी फोटो पाठवला मला अजून कळलेलं नाही. शेवटी ती परत नेऊन कापली आणि जोड केले: पाइपाच्या आत दुसरा पाइप, किमान नऊ इंच घुसलेला, प्रत्येक जोडाला दोन आरपार बोल्ट. आत जाणारा पाइप सैल असेल तर परत पाठवा. पत्र्याचे तुकडे घालून बसवतो म्हणाला तर हो म्हणू नका. तुम्ही भाड्याने राहता, उद्या घर बदलाल, तेव्हा सुटणारीच फ्रेम करा.

आता तुमची गॅलरी. चार फूट रुंदीत फ्रेम बसवायची तर पाय लांबीच्या दिशेने फाकावे लागतील आणि वरचा पाइप साडेतीन फुटांचाच येईल. तुमच्या खुर्चीची लाकडी दांडी तीन फुटी असेल तर पायांना घासणार, अडीच फुटी दांडी लागेल. नऊपैकी पाच फूट गॅलरी गेली. कपडे कुठे वाळवायचे ते घरात विचारून घ्या. झोके घ्यायचे नाहीत, नुसतं बसून वाचायचं आहे आणि वजन साठ-पासष्टच्या आत आहे, तर १४ गेजचा सी स्टँडही चालेल. पण घरात लेकरं असतील तर नाही. लेकरू झोका घेणारच.

जोडायला दुसरा माणूस हवाच. वरचा पाइप धरायला, आणि साक्षीदार म्हणूनही. गॅलरीच्या फरशीला पाणी जायला उतार असतो, शहाबादी असेल तर ती वरखालीही असते. चारी पाय टेकेपर्यंत खाली जाड रबर घाला, लाकडाच्या चिपा नको. मग सोयाबीनचे दोन कट्टे रात्रभर टांगून ठेवा आणि सकाळी सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नवी दोरी ताणते, बैठक चार-पाच इंच खाली येते. म्हणून वर साखळी ठेवा, कड्या कमी-जास्त करता येतात. स्प्रिंग लावणार असाल तर दाबणारी घ्या, ताणणारी नको. ताणणारी तुटली की माणूस खाली, दाबणारी तुटली तरी दांडा अडकून राहतो. ताणणारी आधीच घेतली असेल तर तिच्या बाजूने सैल साखळी सोडा.

मेहुण्याचं म्हणणं खोडून काढायला एक उत्तर पुरणार नाही, पण थोडक्यात. चार-पाच इंची स्लॅब, त्याला खालून प्लास्टर. फास्टनर किती काँक्रीटला धरतो आणि किती प्लास्टरला, हे मारणाऱ्याला कळत नसतं. तो सतत खाली ओढला जातो, वर हिसके बसतात. सळईला ड्रिल लागलं की पोरं भोक दोन बोटं सरकवतात आणि आधीचं बुजवतात. हे मी त्याच्याच साइटवर पाहिलंय.

हां, एक कबूल करतो. स्लॅब टाकतानाच १२ एमएमचा हूक सळईत अडकवून घेतला असेल तर त्याच्यापुढे कुठलाही स्टँड फिका आहे. मेहुण्याने स्वतःच्या घरात तसा घेतलाय. हे त्याला कळवायची गरज नाही. आणि वरच्या मजल्यावर खुर्ची कठड्याला पाठ लागेल अशी टांगू नका, हे मी खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. एप्रिल-मेच्या संध्याकाळी वळवाचं वारं सुटायच्या आत खुर्ची काढून आत घ्या. कुणी अंगणात ठेवणार असेल तर काळ्या मातीत पाय पावसाळ्यात रुततात आणि उन्हाळ्यात भेगांमुळे हलतात, खाली फरशीचे तुकडे हवेत.

आप्पा बसतात का? नाही. एकदाही नाही. लेकीला फोनवर सांगतात, "बसतो की." खुर्ची काढलेली असली की फ्रेमच्या आडव्या पाइपावर ते अंघोळीनंतर टॉवेल वाळत घालतात, रोज, न चुकता त्याच कोपऱ्यात. मेहुणा म्हणतो, टॉवेल वाळवायला एवढं लोखंड. मी साधा रेड ऑक्साइड आणि वर ऑइलपेंट मारला होता, त्या ओल्या टॉवेलाने जोडाजवळचा रंग फुगलाय. तुम्ही पावडर कोटिंग करून घ्या, आणि भोकं पाडून झाल्यावरच.