हिवाळ्यात हर्णैच्या समुद्रात लहान होडी नेताना हवामानाचा अंदाज पाहण्याची गरज असते का?

पुण्याहून मित्रांसोबत डिसेंबर-जानेवारीत हर्णैला लहान होडी नेणार आहोत, पावसाळा संपल्यावर समुद्र शांतच असतो, तर अंदाज कशाला पाहायचा, असे आपण विचारले आहे.

पाहायलाच हवा. फयान हे चक्रीवादळ नोव्हेंबर 2009 मध्ये आले आणि ओखी डिसेंबर 2017 मध्ये. ओखीच्या वेळी केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी मासेमारी नौका देवगड बंदरात आश्रयाला आल्या होत्या. परंतु वादळाचा इशारा सर्वांच्या कानावर पडतो. लहान होडीला अडचणीत आणतो तो हिवाळ्यातला निरभ्र, प्रसन्न दिवस, आणि याच मुद्द्यावर माझा एका जुन्या मित्राशी आजही वाद आहे.

आम्ही दोघांनी मिळून हर्णैला आउटबोर्ड इंजिनाची फायबरची होडी ठेवली होती. मित्र खडकवासल्याच्या पाण्यावर शिकलेला, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत समुद्रही तसाच असतो यावर त्याचा ठाम विश्वास. जानेवारीच्या अखेरीस आम्ही पहाटेच्या मतलई वाऱ्यात दाभोळकडे निघालो. वारा जमिनीकडून येत असल्यामुळे किनाऱ्यालगत लाट वाढायला अंतरच मिळत नाही, म्हणून सकाळी पाणी सपाट दिसते. नवख्या माणसाचा गैरसमज होतो तो तिथेच. निघताना एका तांडेलांनी, म्हणजे मासेमारी नौकेच्या प्रमुखांनी, बजावले होते, "वारा फिरायच्या आत माघारी या." दाभोळला मी त्याची आठवण करून दिली, पण मित्राला जेवूनच निघायचे होते आणि इंजिनाची चावी त्याच्या खिशात होती.

दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटला. दाभोळहून हर्णैला उत्तरेकडे यावे लागते, त्यामुळे वारा आणि लाट दोन्ही जवळजवळ नाकासमोर. त्यातच खाडीच्या मुखातून ओहोटीचे पाणी जोराने बाहेर पडत होते. असे पाणी समोरून येणाऱ्या लाटेला भिडले की लाट आखूड आणि उभी होते व उथळ वाळूवर फुटते. होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, उचलली जाई आणि पुढच्या खळग्यात दाणकन आदळे, मागचा पंखा पाण्याबाहेर येऊन इंजिन किंचाळे, आणि मी पेट्रोलचा कॅन गुडघ्यांत दाबून बादलीने पाणी उपसत होतो. पेट्रोल सकाळच्या कितीतरी पट वेगाने संपत होते. अखेर आम्ही होडी वळवून पुन्हा खाडीत शिरलो, रात्र दाभोळला काढली आणि दुसऱ्या पहाटे मतलई वाऱ्यातच परतलो.

पुण्यात हा किस्सा सांगताना मित्र आजही म्हणतो, की हे कोणाला आधी कळणे शक्यच नव्हते. हे साफ चुकीचे आहे. आदल्या संध्याकाळीच हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा लाटांचा अंदाज मी त्याला पाठवला होता, आणि वायव्येकडून येणारी लाट वाढणार असल्याचे त्यात दिसत होते. त्याने मोबाइलवर फक्त आपल्या भागातला वाऱ्याचा आकडा पाहिला. हिवाळ्यात इराणचे आखात आणि अरबस्तानाकडून शमाल नावाचे वारे वाहतात. त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून कोकणापर्यंत पोहोचतात, मग हर्णैला वाऱ्याची झुळूकही नसो. त्या लाटेवर दुपारच्या वाऱ्याची लाट चढली, की आमच्यासारखी अवस्था होते. म्हणून वाऱ्यासोबत लाटेची उंची, दिशा आणि दोन लाटांमधला वेळ पाहावा, भरती-ओहोटीच्या वेळा पाहाव्यात, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी ऐन जोरात असताना खाडीचे मुख ओलांडू नये. सहल दक्षिणेकडे असेल, तर परतीचा प्रवास वाऱ्याविरुद्ध होणार हे धरूनच पेट्रोल घ्यावे. तांडेलांनी वेळ सांगितली असेल, तर जेवण होडीतच बांधून न्यावे. हे मी त्याला तेव्हाही सांगितले होते.

हे सर्व लहान उघड्या होडीसाठी आहे. मोठ्या लाँचचे गणित वेगळे असते. ढगाळ दिवशी मतलई आणि खारे वारे दोन्ही मंद असू शकतात, तेव्हा केवळ घड्याळावर विसंबू नये. जानेवारीत पहाटे खाडीत धुके असेल, तर ते विरेपर्यंत थांबावे, कारण जाळ्यांचे खुंट त्यात दिसत नाहीत. लाइफ जॅकेट घरून निघतानाच मोजून घ्यावीत, आणि तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक होडीतल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावा, एकट्या चालवणाऱ्याच्या नव्हे.