घरात वाळणारे कपडे, भिंतीवरची बुरशी आणि भाडेकरारातील अट

प्रश्न : आमच्या भाडेकरारात ‘घरात कपडे वाळत घालू नयेत’ एवढे एकच वाक्य आहे. बाहेर दोरी बांधायला जागा नाही. ही अट पाळायची कशी?

उत्तर : भाडेविषयक कायदे ठिकठिकाणी वेगळे असल्यामुळे अशी अट टिकेल की नाही, हे तिथल्या वकिलालाच विचारावे लागेल; पण जी अट पाळण्याची सोयच घरात नाही, ती दोन्ही पक्षांना निरुपयोगी असते. घरमालकांना बंदीऐवजी पद्धत लिहायला सुचवा : कपडे खिडकी असलेल्या एकाच खोलीत किंवा न्हाणीघरात वाळत घालावेत, त्या वेळी आतले दार बंद आणि एक्झॉस्ट पंखा चालू असावा, स्टँड भिंतीला टेकवू नये, आणि पंखा बिघडल्यास तो कोणी व किती दिवसांत दुरुस्त करायचा. हा शेवटचा मुद्दा करारात सहसा राहून जातो आणि भांडण नेमके तिथूनच सुरू होते.

प्रश्न : एका धुण्याने असे किती पाणी हवेत जाणार? घरमालक उगाच बाऊ करतात, असे वाटते.

उत्तर : बाऊ नाही. यंत्रातून काढलेले कपडे वजनकाट्यावर ठेवा आणि वाळल्यावर पुन्हा ठेवा. जितक्या किलोंचा फरक, तितके लिटर पाणी खोलीतल्या हवेत गेले. पाच किलो सुक्या कपड्यांच्या धुण्यात, चांगले पिळूनही, दोन-अडीच लिटर पाणी राहते. आता खोलीचा हिशेब पाहा. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ धरते. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर उंच खोलीत ३३ घनमीटर हवा असते. सापेक्ष आर्द्रता (हवा धरू शकेल त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे ते प्रमाण) ५० टक्के असेल, तर त्या हवेत आणखी पाव लिटरहून थोडेच अधिक पाणी मावते. बाकीचे बाहेर काढले नाही, तर ते सर्वांत थंड जागी जाऊन बसते : खिडकीची काच, बाहेरच्या भिंतीचा कोपरा, कपाटामागचा भाग.

बुरशीला तर थेंब दिसण्याचीही गरज नसते. भिंतीला लागून असलेल्या हवेची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली, तरी तिला पुरते. हवा गार झाली की ती कमी वाफ धरते, म्हणजे तीच वाफ असूनही आर्द्रता वाढते. त्यामुळे खोलीत २० अंश आणि ५० टक्के असे सुखद वातावरण असतानाही, जी भिंत १२ अंशांपर्यंत गार पडते तिथे बुरशी धरते. साधा आर्द्रतामापक टांगा, आकडा ६० टक्क्यांच्या खाली ठेवा आणि यंत्रात कपड्यांना सोसेल तेवढा सर्वाधिक वेगाचा स्पिन द्या. स्पिनमध्ये निघालेले पाणी हवेत येतच नाही.

प्रश्न : कपाट सरकवले तर मागची भिंत काळी झालेली. घरमालक अनामत रकमेतून खर्च कापणार म्हणतात. दोष कोणाचा हे कसे ठरवायचे?

उत्तर : आधी पाणी कुठून येते ते ठरवा. डागाशेजारची स्वच्छ भिंत पुसून कोरडी करा, तिच्यावर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी पाहा. ओल खोलीकडच्या बाजूस असेल, तर ती हवेतली. भिंतीकडच्या बाजूस असेल, तर गळती किंवा जमिनीतून चढणारी ओल असण्याची शक्यता अधिक. जमिनीलगत पांढरे क्षार फुटलेले किंवा पावसानंतर पसरणारा पिवळसर डाग असेल, तर कपड्यांना दोष देण्यात अर्थ नाही. छायाचित्रे तारखेसह ठेवा आणि घरमालकांना त्याच दिवशी लेखी कळवा; उशीर भाडेकरूच्या अंगावर येतो. कपाट मात्र भिंतीपासून पाच ते दहा सेंटिमीटर पुढे ओढायला हवे होते, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे.

प्रश्न : बाहेर पाऊस असताना खिडकी उघडल्याने ओल वाढणार नाही का?

उत्तर : थंडीत नाही. ५ अंशांची, पावसाने पूर्ण भिजलेली हवाही घनमीटरला सात ग्रॅमपेक्षा कमी पाणी आणते; ती २० अंशांना तापली की आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून दहा मिनिटे खिडक्या सताड उघडणे हे दिवसभर एक फट ठेवण्यापेक्षा बरे. उष्ण दमट हवेत मात्र तुमची शंका खरी आहे. तिथे खिडकी लावून आर्द्रताशोषक यंत्र चालवावे.

प्रश्न : डागावर रंग मारला तर चालेल का?

उत्तर : नाही, रंगाचे पोपडे निघतील आणि डाग वर येईल. एक चौरस मीटरपर्यंतचा डाग मास्क व हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने घासावा, भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि रंग त्यानंतरच लावावा. डाग त्याहून मोठा असेल, किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल, तर हे काम जाणकाराकडे सोपवावे.