बर्मीत पाली ऐकू का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की पालीत, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेत, एमए झालंय, म्यानमारमधल्या यांगूनला जायचं म्हणून तिथली बर्मी भाषा शिकताय, आणि "पालीचे ढीगभर शब्द आहेत म्हणतात, मला एकही ऐकू येत नाही". अगदी माझंच रडगाणं वाचतोय असं वाटलं.

ऐकू येणारच नाहीत हो. त्यांनी स्पेलिंग बरंचसं पालीचं ठेवलं आणि उच्चार स्वतःचा केला. च चा स, स चा इंग्लिश 'थिंक'मधला थ, रोजच्या बोलण्यात र चा य, शेवटचं व्यंजन घशात गडप. लिहितात भासा, बोलतात बाथा. रथचं यथा (इथला थ आपलाच), आणि रेल्वे म्हणजे मी-यथा, मी म्हणजे आग, आपली आगगाडीच की!

म्हणून आधी लिपी. मी जिथे सर्टिफिकेट कोर्स केला (नाव घेत नाही) तिथे अख्खा कोर्स रोमनमधून. लिपी कधी, विचारलं की ऑफिसचं ठरलेलं उत्तर, "पुढच्या लेव्हलला". पुढच्या लेव्हलची फी आधीच घेतली आणि मग विद्यार्थी कमी म्हणून ती लेव्हल निघालीच नाही, फी परत मागितली तर अर्ज द्या, मग तोच अर्ज नव्या फॉरमॅटमध्ये द्या, मग मॅडम रजेवर. पैशांचं सोडा, पण बर्मी अक्षरांत जिथे स्वच्छ 'चित्' लिहिलेलं असतं, म्हणजे आपलं चित्त, तिथे आम्ही 'सेइ', 'सेइ' घोकत होतो. सांगायला कोणी नाही. अजून डोकं फिरतं.

लिपीचा क्रम क ख ग घ ङ असाच आहे, तुम्हाला सोपं जाईल. ट ठ ड ण चं अक्षर दिसलं किंवा दुक्खसारखं एकाखाली एक जोडाक्षर दिसलं की शब्द बहुतेक पालीचा समजा. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाचं त्रिपिटक (पालीतले बौद्ध धर्मग्रंथ) ऑनलाइन फुकट आहे, यांगूनच्या 1954-56 च्या छट्ठ संगायनाची (सहाव्या बौद्ध धर्मसभेची) आवृत्ती, त्यात लिपी बदलता येते. पाठ असलेलं एखादं सुत्त (बुद्धाचा उपदेश) एकीकडे देवनागरीत, एकीकडे बर्मीत उघडा. कुठल्याही क्लासपेक्षा भारी.

अर्थाला मात्र जपा. कम्मचं (आपलं कर्म) 'कं' झालंय आणि बोलताना त्याचा अर्थ चक्क नशीब. आणि "बर्मी म्हणजे अर्धी पालीच" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, मुळात ती तिबेटो-बर्मन, म्हणजे तिबेटीच्या कुळातली भाषा. म्यानमारमधल्या बगानचा 1113 चा म्याझेदी शिलालेख बघा, चार बाजूंना चार भाषा, पाली, प्यू, मोन, बर्मी, सगळ्या वेगवेगळ्या. मी भाषातज्ज्ञ वगैरे नाही, जाणकारांनी दुरुस्त करावं.

थाई पण सोबतच सुरू करू का, असंही विचारलंय. माझ्या मते नको. तिथे पालीत संस्कृत मिसळलेलं, लिहिताना संस्कृतातलं कर्म आणि म्हणताना 'कम', नगरचं 'नखोन', म्हणजे उच्चाराचे नियम परत वेगळे. आधी बर्मी वाचता येऊ दे.