कृमींच्या स्मरणशक्तीवर संशोधन: मुलीला करू द्यावे का?

सोलापूरचे एक पालक लिहितात: “माझे यंत्रमागावर चादरी विणण्याचे काम आहे. मुलगी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्र शिकते. साधे प्राणी कसे शिकतात आणि त्यात न्यूरोपेप्टाइडांचा वाटा काय, यावर संशोधन करायचे, असे ती म्हणते. तिने बी.एड. करून नोकरी धरावी, असे घरी सर्वांचे मत आहे. कृमी-माश्यांच्या आठवणी तपासून पोट भरेल का?”

सप्रेम नमस्कार.

पोटापाण्याचा प्रश्न आपण विचारलात ते योग्यच आहे. मात्र निर्णय घेण्यापूर्वी हा विषय काय आहे, हे घरातल्यांना ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते.

सी. एलिगन्स हा जेमतेम 1 मिलिमीटर लांबीचा कृमी आहे. त्याच्या शरीरात अवघ्या 302 चेतापेशी असतात आणि त्यांच्या जोडण्यांचा नकाशा 1986 मध्येच प्रसिद्ध झाला. तरीही केवळ त्या नकाशावरून कृमीचे वागणे उलगडत नाही, कारण चेतापेशी न्यूरोपेप्टाइड नावाचे छोटे प्रथिनसदृश रेणूही सोडतात. हे रेणू गावात पिटलेल्या दवंडीसारखे दूरवर पसरतात आणि ज्या पेशीवर त्यांना ओळखून धरणारा ग्राही असेल तीच पेशी प्रतिसाद देते. हा कृमी एरवी मिठाकडे ओढला जातो, पण त्याला काही वेळ मीठ असलेल्या आणि अन्न नसलेल्या जागी ठेवले, तर तो पुढे मीठ टाळू लागतो. नेमॅटोसिन नावाचे पेप्टाइड ज्यांच्यात तयार होत नाही, त्या कृमींना हा धडा नीट घेता येत नाही, असे 2012 मध्ये दाखवण्यात आले. हे पेप्टाइड माणसातील ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकांच्या कुळातले आहे. म्हणजे आपली मुलगी ज्याला हात घालू पाहते, तो प्रश्न कृमीपुरता मर्यादित नाही. फळमाशीतही ‘ॲम्नेसियाक’ या जनुकात बिघाड असलेल्या माश्या गंधाचा धडा शिकतात, पण लवकर विसरतात. ते जनुकही पेप्टाइडाशीच संबंधित निघाले.

आता व्यवहाराचे. एम.एस्सी.ची दोन वर्षे आणि त्यानंतर पीएच.डी.ची साधारण पाच-सहा वर्षे, एवढा हा पल्ला आहे. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर 2023 पासूनच्या दराने दरमहा 37,000 रुपये मिळतात, त्यामुळे पीएच.डी.चा भार घरावर पडत नाही. कायमस्वरूपी संशोधन पदे मात्र थोडी आहेत आणि त्यांसाठी स्पर्धा कडक आहे. हे तिलाही स्पष्ट सांगावे.

बी.एड.ला माझा विरोध नाही, फक्त क्रम बदलावा, असे सुचवतो. एम.एस्सी. करून मग बी.एड. केल्यास तिला कनिष्ठ महाविद्यालयातही शिकवता येईल. म्हणजे संशोधनात मन रमले नाही, तरी ती दोन वर्षे वाया जाणार नाहीत. त्यासाठी तिने एम.एस्सी. प्रवेशाच्या जॅम परीक्षेचा अर्ज भरावा. पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांच्या संकेतस्थळांवरील प्रवेशाच्या अटीही तिने स्वतः वाचाव्यात.

त्याआधी एक गोष्ट याच वर्षी करता येईल. प्राणिशास्त्र विभागाच्या परवानगीने तिने फळमाश्या पाळून पाहाव्यात. मक्याचे पीठ, गूळ, यीस्ट आणि मिश्रण घट्ट करणारे अगर-अगर शिजवून बाटल्यांत ओतायचे, बुरशी लागलेली बाटली बाजूला काढायची, ठरलेल्या दिवशी माश्या नव्या बाटलीत घ्यायच्या आणि भिंगाखाली नर-मादी वेगळे करून मोजायचे. या क्षेत्रातले बरेचसे दिवस असेच जातात, आणि हे काम महिनोन्महिने त्याच काळजीने करणे तिला आवडते की नाही, हे माझ्यापेक्षा तिलाच अधिक चांगले कळेल. त्याच्या जोडीला भारतीय विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्तीसाठीही तिने अर्ज करावा. निवड झाली, तर दोन महिने तिला खऱ्या प्रयोगशाळेत राहता येईल. तिथून परतल्यावर बी.एड.चा विषय पुन्हा काढा आणि त्या बैठकीत आधी तिला बोलू द्या.