काम चालू असलेल्या रस्त्यावर दंड डबल होतो का? (ओव्हरस्पीडच्या चलानबद्दल)

तुम्ही विचारलंय की मुंबई-गोवा हायवेला माणगावच्या अलीकडे काम चालू असलेल्या पट्ट्यात ओव्हरस्पीडचं ई-चलान आलंय आणि ऑफिसमधला एकजण म्हणतोय की अशा ठिकाणी दंड डबल लागतो. नाही लागत. ते डबलचं प्रकरण अमेरिकेतलं, तिकडच्या बऱ्याच राज्यांत वर्क झोनमधे दंड वाढवतात आणि तेच व्हिडिओ बघून आपली मंडळी इथे ज्ञान वाटत बसतात. आपल्या मोटार वाहन कायद्यात वर्क झोन म्हणून वेगळा गुन्हाच नाहीये. स्पीडला कलम १८३, कारला १००० ते २०००, ट्रक-बसला २००० ते ४०००, काम चालू असो वा नसो.

खरा मुद्दा आहे तिथे बोर्ड कोणता होता. फावडं मारणाऱ्या माणसाचा त्रिकोणी बोर्ड असतो ना, तो फक्त सावध करतो, त्याने स्पीड लिमिट बदलत नाही. लाल कडेचा गोल बोर्ड आणि आत ४० किंवा ३० लिहिलेलं असेल तर तो मात्र बंधनकारक, कलम ११९ मधे तसं स्पष्ट आहे. आणि लोक इथेच फसतात, त्यांना वाटतं की गॅझेटमधे आलं नाही म्हणजे ती मर्यादा खोटी. तर कलम ११२ प्रमाणे एक महिन्यापर्यंतच्या मर्यादेला गॅझेट लागतच नाही. त्यापुढे लागतं, आणि आपल्याकडची कामं काय महिन्यात उरकतात होय? २०११ पासून चाललंय त्या हायवेचं.

दुसरी गंमत म्हणजे काम पुढे सरकतं आणि बोर्ड तिथेच राहतो, वाळूच्या गोणीला टेकवलेला, अर्धा चिखलाने माखलेला, कधी तोंड शेताकडे. त्यामुळे चलानवरचा फोटो आधी नीट बघा, तुमचा स्पीड किती आणि लिमिट किती धरलंय ते. शक्य असेल तर त्याच बाजूने परत जाऊन बोर्डचा फोटो काढा (गाडी बाजूला लावून हो, चालवताना नको) आणि महाट्रॅफिक अ‍ॅपवरून तक्रार टाका. बोर्ड गोल होता आणि नीट दिसत होता तर मात्र वाद न घालता भरून टाका, उगाच कोर्टाच्या फेऱ्या कशाला. बाकी स्पीड गन वगैरे काही नसताना एकट्या हवालदाराच्या नुसत्या अंदाजावर ओव्हरस्पीडची शिक्षा होत नाही, हेही १८३ मधेच आहे.

मला विचाराल तर स्पीडच्या चलानपेक्षा जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची करा. डायव्हर्जनला रांग लागली की लोक बॅरिकेडच्या फटीतून घुसून उलट्या दिशेने सुटतात, ते थेट कलम १८४, धोकादायक ड्रायव्हिंग. पहिल्या वेळी १००० ते ५००० दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही. आणि त्यात समोरचा कामगार गेला तर भारतीय न्याय संहितेचं १०६, पाच वर्षांपर्यंत. तेव्हा तोच त्रिकोणी बोर्ड तुमच्या अंगाशी येतो, कारण सरकारी वकील विचारणार की सावध केलं होतं तरी स्पीड का कमी केला नाही.

आणि खाली कुणीतरी विचारलंय की ठेकेदाराला काहीच नाही का. आहे, २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८अ आलं, रस्ता बांधताना-सांभाळताना ठरलेले सुरक्षेचे निकष पाळले नाहीत तर एक लाखापर्यंत दंड. पण त्यामुळे कुणाचा मृत्यू किंवा अपंगत्व आलं असेल तरच, त्यामुळे खड्ड्यात टायर फुटला म्हणून १९८अ लावा असा अर्ज करून काही उपयोग नाही.